पयलं सांग, मी जिती हाय

सोनाली सिस्टरवर मी पहिल्यांदा ओरडलो तेव्हा माझी आई तिच्या पाठीमागे खाटेवर बसून पेज पीत होती, आणि आईच्याच मयताला आलेली माणसं वॉर्डच्या दारात उभी होती. आता आठवलं की हसू येतं. त्या दिवशी मात्र माझं डोकं असं फिरलं होतं की विचारू नका. मी आहेच तापट. सापगावात कोणालाही विचारा, महेंद्रच्या नादाला लागू नका असंच सांगतील. आणि तरी आज मी जिचे उपकार सांगायला बसलोय ती हीच पोरगी. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

त्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला झालं काय होतं. आमच्या भागात, शहापूर म्हणा नाहीतर मुरबाड म्हणा, माणूस गेला की ‘गेला’ असं फोनवर कोणी सांगत नाही. ‘तब्येत जरा जास्त हाय, येऊन जा,’ एवढंच सांगतात. त्यावर ‘सावकाश ये’ म्हणाले की समजायचं, सगळं आटोपलंय. ऐकणाराही पुढे काही विचारत नाही. वाटेत त्याचं बरंवाईट होऊ नये, बिचारा धड घरापर्यंत यावा, म्हणून असं सांगायचं. माया आहे त्यात, मी नाही कशाला म्हणू? पण त्या मायेनेच मला एकदा चांगलं पोळलंय.

माझे वडील गेले तेव्हा मी अंबरनाथच्या कारखान्यात नुकता लागलो होतो. काळूकाकाचा, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्याचा फोन आला. ‘दादाची तब्येत जरा जास्त हाय, सावकाश ये.’ मिसरूड फुटायचं वय माझं, मला रीत कुठे ठाऊक? मला वाटलं, दवाखान्यात न्यायचं असेल. वडिलांना शहाळ्याचं पाणी फार आवडायचं. वाटेत पडघ्याला उतरलो, हलवून हलवून चांगलं पाणीदार शहाळं निवडलं, ते काखेत मारून अंगणात शिरलो, तर समोर तिरडी बांधून तयार. अख्खा गाव माझ्याकडे बघतोय आणि माझ्या हातात शहाळं. ते कुठे ठेवावं तेच कळेना. रडू नाही आलं, लाज वाटली. पुढे कितीतरी दिवस ते ओट्यावर तसंच पडून होतं. कोणी फोडलं नाही, कोणी टाकलंही नाही.

तेव्हाच मी मनाशी धरलं होतं की आईच्या वेळेला असं होऊ द्यायचं नाही. ती बोलती असताना मी तिच्यापाशी पोचलो पाहिजे. बाकी आयुष्याने काय दिलं, काय नाही दिलं, त्याचा हिशेब मी धरत नाही. ही एक गोष्ट मात्र मला हवीच होती.

आईचं नाव गोजाबाई. मागच्या वर्षी तिचं हृदय थकलं. पायांवर सूज, अंगणातून घरात आली तरी धाप. शहापूरजवळ हायवेला लागून एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, तिथे तिला ठेवलं. सोनाली तिथे नवीनच लागलेली.

सोनाली मुरबाडकडच्या म्हसा गावाच्या पलीकडची, डोंगराला टेकलेल्या एका गावातली. बाप कमळू, आई भागी. खाली भात, वर उतारावर नाचणी आणि वरी, आणि शेत मोकळं झालं की मिळेल ते काम. त्या गावातून नर्सिंगला गेलेली ही पहिली पोर. अक्षर असं की लग्नाची आमंत्रणं हिच्याकडून लिहून घ्यावीत. पण बोलायचं म्हटलं की बोंब. मोठ्या माणसासमोर पोरीने मान वर करायची नाही, या शिस्तीत वाढलेली. डॉक्टर राऊंडला आले की इन्चार्ज सिस्टरच्या मागे जाऊन उभी राहायची. डॉक्टरांनी विचारलं, गोजाबाई कशा आहेत, की ही म्हणायची, ‘ठीक आहेत सर.’ केसपेपरवरही तेच, सुंदर अक्षरात. पेशंट ठीक.

एकदा डॉक्टर वैतागले. ‘अहो सिस्टर, ठीक म्हणजे काय? उठून बसल्या का? जेवल्या का? लघवी किती झाली? ठीक या शब्दाला मी कुठली गोळी देऊ?’ मी तिथेच उभा होतो. पोरीचे कान लाल झाले. मला तेव्हा तिची जराही दया आली नाही. मी मनात म्हटलं, हिच्या हाती आई दिलीये, आता हिलाच कोणीतरी बोलायला शिकवायला हवं.

आणि मग तो दिवस आला. दुपारी आईचं बीपी एकदम खाली गेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि सोनालीला सांगितलं, घरच्यांना बोलावून घ्या, गरज पडली तर ठाण्याला हलवावं लागेल. एखाद्या पेशंटच्या घरी करायचा हिचा हा पहिलाच फोन. कॉलेजात शिकवलेलं, नातेवाइकांना घाबरवू नका, सौम्य बोला. आता सौम्य म्हणजे कसं, तर घरी लहानपणापासून कानावर पडलेलं तसं. तेच तिच्या तोंडून आलं.

‘दादा, गोजाबाईंची तब्येत जरा जास्त आहे. घरच्यांना घेऊन या.’

मी नुसतं हं म्हणालो. ती पुढे म्हणाली, ‘गाडी सावकाश चालवा.’

संपलं. माझ्या हातात चहाचा ग्लास होता, तो तसाच राहिला. आई आहे ना, एवढे तीन शब्द मी विचारले असते तर पुढचा तमाशा झाला नसता. पण आमच्यात विचारत नाहीत.

मी काळूकाकाला कळवलं, काकाने गावाला कळवलं. माझी बहीण पौर्णिमा मुरबाडला दिलेली. तिला काकाने ‘जास्त हाय’ असं सांगितलं, ती काय समजायची ते समजली. कारखान्यातला माझा दोस्त मुकेश मला मागे बसवून बाईकवर घेऊन निघाला. कल्याण गेलं, पडघा गेला. पडघ्याला शहाळेवाला बसलेला दिसला आणि मी तोंड फिरवलं. डोक्यात एकच, परत उशीर झाला, परत मला फसवलं.

दवाखान्यात पोचलो तर दारात गावचा टेम्पो. घरी बांबू तोडून तयार होते, आणि काळूकाका आईला न्यायला आला होता. पौर्णिमा नुकतीच जीपमधून उतरलेली. तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून बाकीच्या बायकांनी सूर धरला आणि सगळे वॉर्डकडे निघाले.

आणि वॉर्डात काय? आई उशीला टेकून बसलीये, मांडीवर वाटी, पेज पितेय. औषध लागू पडून तिचं बीपी कधीच वर आलं होतं. बायकांचा आकांत ऐकून तिने वाटी बाजूला ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, ‘कोन गेला गो?’ आईचेही डोळे भरून आलेले. ओळखीचे आवाज आहेत म्हणजे आपल्याच गावचं कोणीतरी गेलं, म्हणून आईही रडायच्या बेतात होती. मग पौर्णिमा दारात आली, तिने आईला बघितलं आणि मटकन खाली बसली.

‘अगो, कोन गेला ता सांगशील तरी,’ आई तिला विचारतेय. शेवटी काळूकाकानेच तिला सगळं सांगितलं, घरी बांबू तोडले इथपर्यंत.

मग माझी पाळी. मी काय काय बोललो ते सांगत नाही, सांगण्यासारखं नव्हतं. ‘जित्या माणसाचं मयत काढलंस, तुझी नोकरी ठेवत नाही,’ हे मात्र पुन्हा पुन्हा म्हणालो. सोनाली भिंतीला टेकून उभी. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती. माझी तक्रार ट्रस्टकडे गेली असती तर ती सामान बांधून म्हशाकडच्या गाडीत बसली असती. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर आहे. लिहून द्या, मी पुढे पाठवते.’ मी कागद मागितला.

‘कागद ठेव खाली,’ आई म्हणाली.

‘आई, तू मध्ये बोलू नको.’

‘मी नाय बोलू तर कोन बोलेल? मयत माझा हाय का तुझा?’ तिने पदर नीट केला. ‘पोरीचा घास काढशील तर माझ्या तिरडीला खांदा देऊ नको. काळूनं बांबू तोडलेच हायेत. तो देईल खांदा.’

काळूकाका मान खाली घालून हसला. पौर्णिमा रडता रडता हसायला लागली. असं सगळे हसायला लागले की रागावलेल्या माणसाने करायचं काय? मी कागद परत दिला.

आईने सोनालीला हाताने जवळ बोलावलं. ‘गाव कंचा तुझा?’

‘म्हशाच्या पलीकडे, आजी.’

‘तरीच. आमच्यासारखीच हायेस. आपल्या लोकांला खरा सांगायचा म्हंजे दात काढल्यावानी वाटते.’ मग म्हणाली, ‘उद्या माझ्याकडे ये. तुला फोन लावायला शिकवते.’

माझ्या आईने जन्मात कोणाला स्वतः फोन लावलेला नव्हता. आकडे लावून द्यायला तिला कोणीतरी लागायचं. पण दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा पाहतो तर हिची शाळा सुरू. आईच्या कानाला स्टीलचा पेला, सोनालीच्या कानाला स्वतःची मूठ.

‘लाव फोन. मी महेंद्र हाय,’ आई म्हणाली.

‘हॅलो, दादा, मी दवाखान्यातून बोलतेय. गोजाबाईंची तब्येत…’

‘मेली,’ म्हणून आईने पेला खाली ठेवला. ‘तू तब्येत म्हनलीस तिथंच मी मेली. आता पुढचा कोन आईकते? पयलं सांग, मी जिती हाय. मंग तुझा पुरान लाव. परत कर फोन.’

सोनालीने परत मूठ कानाला लावली. ‘हॅलो, दादा. गोजाबाई जिवंत आहेत.’

‘हां. आता मी बसला खाली, पानी पिला. आता बोल.’

पुढे आठवडाभर हेच. आई कधी महेंद्र व्हायची, कधी पौर्णिमा, कधी ऐकू न येणारी चुलती, कधी पिऊन आलेला जावई. पिऊन आलेला जावई ती इतका झकास करायची की शेजारच्या खाटांवरच्या बायका पोट धरून हसायच्या. सोनाली सुरुवातीला अडखळायची, मग तीही हसायची, मग तिचा आवाज मोकळा व्हायला लागला. इन्चार्ज सिस्टर बाहेरून कडक, पण त्याही एकदा दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सांगून झालं की समोरच्याला विचारायचं, मी काय सांगितलं ते परत बोलून दाखवा. माणूस घाबरला की हं हं करतो, पण डोक्यात काही जात नाही. आणि फोन ठेवला की लगेच केसपेपरवर लिहायचं, कोणाला सांगितलं, काय सांगितलं, तेच शब्द.’ सोनाली ते करायला लागली.

मी रोज संध्याकाळी येऊन तोंड वाकडं करून बसायचो. एकदा म्हणालोही, ‘आई, तू आजारी आहेस, ही काय नाटक कंपनी काढलीये?’

‘बोलनाऱ्याची माती इकते, मुक्याचा सोना पडून ऱ्हाते,’ आई म्हणाली. ‘पोरीकडे सोना हाय. तुझ्याकडे काय हाय ता बघ.’

मी उठून तिची पाण्याची बाटली भरायला गेलो.

पण खरा गुण पुढे दिसला. माझी आई डॉक्टरांपुढे एकच वाक्य बोलायची. ‘बरी हाय.’ डॉक्टर एवढे शिकलेले, लांबून येतात, त्यांना आपलं रडगाणं कशाला, असा तिचा हिशेब. श्वास लागत असला तरी बरी हाय. सोनालीने पूर्वी तेच लिहिलं असतं, ठीक. आता ती कशा आहात हे विचारतच नव्हती. ती विचारायची, ‘आजी, पाठ टेकून झोपलात की बसून? पेज सगळी संपवलीत की ठेवलीत? मोरीपर्यंत एका दमात गेलात की मध्ये भिंत धरलीत?’ असं विचारलं की आईला खोटं बोलता यायचं नाही. भिंत धरली असेल तर भिंत धरली म्हणून सांगायची.

एका सकाळी डॉक्टर केसपेपर वाचता वाचता थांबले. सोनालीने लिहिलं होतं की आजी पाठ टेकू शकत नाहीत, बसूनच झोपतात, विचारल्यावर म्हणतात, छातीवर जातं ठेवल्यावानी वाटते. आईचे शब्द जसेच्या तसे. खाली पायाची सूज कुठवर आली ते, पाणी किती प्यायल्या ते. डॉक्टरांनी विचारलं, ‘हे कोणी लिहिलं?’

सोनाली पुढे आली. मागे नाही लपली, पुढे आली. ‘मी लिहिलं सर. कालपेक्षा आज धाप जास्त आहे. मला वाटतं तुम्ही छाती तपासावी.’

डॉक्टरांनी आईची छाती ऐकली आणि औषध बदललं. दोन दिवसांत आई आडवी होऊन झोपायला लागली. घरी आली, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायला लागली, पौर्णिमाच्या पोरांना रागे भरायला लागली. त्या औषधाने आणि त्या लिहिण्याने आम्हाला आईचा एक अख्खा हिवाळा मिळाला. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण डॉक्टरांना नेमकं दाखवलं कोणी, ते मी विसरणार नाही. सोनालीची नोकरी पक्की झाली तेव्हा तिने पेढे आणले होते. मला पेढा तिने लांबूनच हात पुढे करून दिला, मी अजून भीती वाटण्यासारखाच दिसत असणार.

पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेला सोनाली गावी गेली आणि येताना आईसाठी गोडीशेव घेऊन सापगावला आली. आईने दोन काड्या तोंडात टाकल्या, उरलेली पोरांना दिली. मी बाहेर बाईक पुसत होतो. आतलं बोलणं कानावर येत होतं. सोनाली सांगत होती, तिचा बाप गवताच्या गंजीवरून पडला, तर तिच्या आईचा, भागीचा फोन आला, आणि भागी पहिल्यांदा काय म्हणाली? ‘तुझा बा जिता हाय. पाय मोडलाय.’ आई जोरात हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘गो पोरी, एक काम सांगते. माझी वेळ येल तवा महेंद्रला खरा सांग. बापाच्या वेळेला तो शहाला घेऊन आला होता. सगला गाव बघत होता त्याच्याकडे. मना आजून ता दिसते.’

मी बाईक पुसायचं थांबवलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशीच्या गडबडीत, स्वतःचा नवरा समोर ठेवलेला असताना, तिने माझ्या हाताकडे बघितलंच नसेल.

ऊन तापायला लागलं आणि आई परत दवाखान्यात गेली. या वेळी सूज उतरेना. मी सुट्टी टाकून बसलो होतो, मग तीच म्हणाली, कामावर जा, इथे बसून भिंती कशाला मोजतंस. गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू करतोय तर फोन वाजला.

‘दादा, सोनाली बोलतेय. आई जिवंत आहेत. शुद्धीवर आहेत, माझ्याशी बोलताहेत.’

मी बाजूच्या स्टुलावर बसलो.

‘पण दादा, आज बरं नाही. डॉक्टरांनी आत्ताच तपासलं. औषध आता लागू पडत नाहीये. ठाण्याला नेऊन उपयोग होणार नाही, प्रवासात त्रासच होईल, असं ते म्हणाले. आजचा दिवस निघेल असं त्यांना वाटत नाही. तुम्ही आत्ता निघा. पौर्णिमाताईंना मी फोन केलाय, त्याही निघाल्यात.’ मग ती म्हणाली, ‘आणि येताना शहाळं घेऊन या. मी डॉक्टरांना विचारलंय. आज द्यायला हरकत नाही. आजी पिऊ शकतील.’

मी हं हं करत राहिलो.

‘दादा, मी काय सांगितलं ते मला परत सांगा.’

फार कठीण असतं ते. आपली आई आज जाणार हे आपल्याच तोंडाने बोलायचं. पण मी बोललो. आई जिवंत आहे. औषध लागू पडत नाही. आज जाईल. मी आत्ता निघतो. शहाळं आणतो. बोलत गेलो तसं ते डोक्यात शिरत गेलं, आणि मग पाय चालायला लागले. मुकेश मागे धावत आला, मी म्हटलं, नको, मी जातो, मी शुद्धीवर आहे.

पडघ्याला थांबलो. शहाळं हलवून निवडलं. या वेळी तोंड फिरवलं नाही.

आई उशांच्या ढिगाला टेकून होती. काळूकाका पायाशी बसला होता. मला बघून आईचे डोळे हातातल्या शहाळ्यावर गेले आणि तिच्या तोंडावर हसू आलं. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी तिने सोनालीला विचारलंच, ‘पयलं काय सांगितलास?’

‘तुम्ही जिवंत आहात म्हणून, आजी.’

‘हां,’ आई म्हणाली.

सोनालीने शहाळं फोडून आणलं. मी चमच्याने पाजलं. जास्त नाही गेलं, ओठ भिजले, थोडं पोटात गेलं. ‘गोड हाय,’ आई म्हणाली. मग म्हणाली, ‘तुझ्या बाला पन आवडायचा.’ मी म्हटलं, हो. मग तिने माझा हात धरून ठेवला आणि आम्ही बसून राहिलो. मला जे हवं होतं ते हेच. आणखी काही मागायचं मला सुचलंही नाही. दुपार कलायच्या आत ती गेली. सोनालीने नाडी बघितली, डॉक्टरांना बोलावलं, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि डोळ्यांत बघून म्हणाली, ‘दादा, आई गेल्या.’ गेल्या असं म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पौर्णिमा. सकाळी तिची एक गाडी चुकलेली, आता किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीत होती. ‘दादा, आई कशी हाय? मी अजून वाटंतच हाय.’

काळूकाकाने माझा दंड धरला. हळूच म्हणाला, ‘जास्त हाय म्हन. पोर एकटी हाय गाडीत. सावकाश ये म्हन.’

काकाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने मलाही याच मायेने सांगितलं होतं. जिभेवर तेच वाक्य आलंही होतं माझ्या. मग मला ओट्यावर पडलेलं ते शहाळं आठवलं. पौर्णिमाच्या हातात काय असेल, कोणास ठाऊक. तिने ते घेऊन आशेने दारात शिरावं आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघावं, हे मला होईना.

‘पौर्णिमा, बसलीयेस ना? आई गेली. आत्ताच गेली. मी जवळ होतो, तिचा हात माझ्या हातात होता. शहाळ्याचं पाणी प्यायली. त्रास झाला नाही. तू ये, आम्ही थांबलोय.’

मग ती रडली. बराच वेळ रडली, मी फोन ठेवला नाही. शेजारी बसलेली कोणी बाई ‘रड गो, रड’ म्हणत होती तेही ऐकू येत होतं. शेवटी पौर्णिमा म्हणाली, ‘बरा केलास दादा, सांगितलास. आता मी दारात येऊन नाय पडनार.’

आणि नाही पडली. चालत आत आली, आईच्या कपाळावरून हात फिरवला, तिचे केस नीट केले, पायाशी बसून त्रिशरण म्हटलं. तिच्या पिशवीत डबा होता. आईसाठी सकाळीच केलेली नाचणीची आंबील. तिने तो बाहेर काढला. मग तिने वॉर्डभर नजर फिरवली. सोनाली टेबलापाशी उभी राहून केसपेपर लिहीत होती. सकाळपासून पोरीने खाटेपासून हलायचं नाव घेतलं नव्हतं, काही खाल्लंही नव्हतं.

पौर्णिमाने डब्याच्या झाकणात आंबील ओतली आणि तिच्यापुढे धरली. ‘घे गो. आईच्या वाटनीची हाय.’

सोनालीने पेन खाली ठेवलं आणि ती आंबील प्यायली.